चार तारांपैकी दोन

आमच्या वाचनालयात आठ संगणक आहेत. एका कार्यालयाने मोडीत काढलेले, आम्ही टेम्पो करून आणलेले. नवी विंडोज पेलण्याइतका जीव त्यांच्यात उरला नव्हता, म्हणून मी त्यांच्यावर डेबियन बसवली. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, भक्कम आवृत्ती. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळत आले आहेत. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, मराठीत दिसते. एवढे मला पुरेसे होते.

पहिली तक्रार केली ती एका न दिसणाऱ्या सभासदाने. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. जन्मापासून दृष्टी नाही. वाचनालयात सगळे त्यांना नुसते ‘काका’ म्हणतात. ते म्हणाले, “पूर्वीचं यंत्र उठलं की वाजायचं. हे तुमचं उठलंय का अजून झोपलंय, मला कसं कळायचं?” पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ऑर्का नावाचा प्रोग्रॅम मी त्यांच्यासाठी चालू करून ठेवला होता. पण आमच्या जुन्या यंत्रांवर ऑर्काला बोलते व्हायला वेळ लागतो. तोवर काका हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायचे आणि शेवटी शेजारच्या मुलाला विचारायचे. नेमके तेच त्यांना नको होते.

संगणक सुरू होताना वाजणारा आवाज ही डोळस माणसाला हौस वाटते. खुद्द कंपन्यांनाही मध्यंतरी तसे वाटू लागले होते. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तो आवाज गप्प केला, ॲपलने २०१६ च्या मॅकबुकमध्ये. दोघांनीही पुढे तो परत आणला. लिनक्सच्या जगात या आवाजांची रीतसर नावेही ठरलेली आहेत. ‘डेस्कटॉप-लॉगिन’ या नावाची ध्वनिफाईल ठरल्या जागी ठेवली की यंत्र ती वाजवू शकते. म्हणजे कपाट होते, कप्पा होता, कप्प्यात ठेवायला वस्तू नव्हती. मी म्हटले, आपण करू. पाच सेकंदांचे काम. प्रत्यक्षात दीड वर्ष गेले, आणि त्यातले बहुतेक संगीतात नव्हे, कागदात गेले.

या विषयात डोके घातल्यावर पहिल्यांदा कळले की एवढ्याशा आवाजासाठी मोठमोठी माणसे राबली आहेत. विंडोज ९५ चा आवाज ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराचा. कंपनीने त्याला विशेषणांची लांबलचक यादी दिली, आशादायी हवे, वैश्विक हवे, भावपूर्ण हवे, आणि शेवटी लिहिले की लांबी सव्वातीन सेकंद. ईनोने ८४ तुकडे केले. त्याने सांगितले आहे की त्या काळात त्याचे कान इतके बारीक झाले की पुन्हा तीन मिनिटांच्या रचनेकडे वळल्यावर वेळेचा समुद्र समोर आहे असे वाटले. ॲपलचा आवाज जिम रीक्स या त्यांच्याच अभियंत्याचा. आधीचा आवाज कर्कश होता, आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू करताना आधीच वैतागलेल्या माणसाच्या कानावर तो आदळे. रीक्सने घरच्या कीबोर्डवर सी मेजरचा एक भरघोस स्वरमेळ वाजवून घेतला, आणि १९९१ च्या क्वाड्रा ७०० या यंत्रापासून तो ऐकू येऊ लागला.

याच रीक्सचा दुसरा किस्सा माझ्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. ॲपल कॉम्प्युटर आणि बीटल्सची ‘ॲपल कोअर’ ही संगीत कंपनी यांच्यात नावावरून दावा लागला होता. १९८१ च्या तडजोडीत संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात न उतरण्याचे कबूल केले. पुढे यंत्रात चांगले आवाज येऊ लागले तसा दावा पुन्हा उभा राहिला. रीक्सने एका लहानशा सूचना-आवाजाला ‘चाइम’ असे नाव दिले, तर कंपनीचे वकील म्हणाले, हे नाव फारच सांगीतिक आहे. त्याने नाव बदलून ‘सोसूमी’ केले आणि हा जपानी शब्द आहे म्हणून सांगितले. मोठ्याने वाचला की इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, “मग करा माझ्यावर दावा.” सेकंदभराचा आवाज, पण त्याच्या नावापुढेही वकील उभा.

मला मात्र तेव्हा वकील दिसत नव्हता. मला एकच आवाज सुचत होता. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली आणि आमच्या घरात, मला आठवते तेव्हापासून, सकाळ त्या संकेतधुनेने उजाडायची. सभा सुरू व्हायच्या आधी ती पुन्हा पुन्हा वाजे, आई बंब पेटवत असे, आणि धून थांबून निवेदकाचा आवाज आला की घड्याळ लावायचे. यंत्र ‘उठल्याची’ खूण म्हणून मराठी कानाला याहून ओळखीचे दुसरे काय असणार? माझ्याकडे रेडिओवरून टेपवर घेतलेली ती धून होती. तिच्यातले पाच सेकंद कापले, वाचनालयात वाजवले. काका खूश. मी त्याच उत्साहात ती फाईल पुण्यातल्या एका तरुणाकडे पाठवली. तो डेबियनसाठी पॅकेजे तयार करण्याचे काम हौसेने करतो. म्हटले, गावोगावच्या वाचनालयांना मिळेल असा भारतीय वाद्यांच्या आवाजांचा एक संच करू, त्याची ही सुरुवात.

त्याचे उत्तर दोन ओळींचे होते. धून सुंदर आहे. यातल्या प्रत्येक सेकंदाचा मालक कोण आणि त्याने काय लिहून दिले आहे?

मला जरा राग आला. आकाशवाणीची धून ही सगळ्यांची, असे मी धरून चाललो होतो. मग राग गिळून शोधायला बसलो. धून १९३६ ची मानली जाते, ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले तेच साल. रचना वॉल्टर काउफमान यांची, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, जरी इतरही नावे घेतली जातात. काउफमान हे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलरचे सावट पडल्यावर १९३४ मध्ये ते मुंबईला आले, १९३७ ते १९४६ मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते, आणि १९८४ मध्ये अमेरिकेत वारले. शिवरंजनीच्या त्या सुरावटीतले व्हायोलिन मेहली मेहतांचे, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचे, असे सांगतात.

आता १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा उघडा. धून काउफमान यांची स्वतःची रचना धरली, तर हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत. सरकारने करवून घेतलेले काम धरले, तर प्रसिद्धीपासून मोजायचे आणि तो हक्क केव्हाच संपला. मला विशेष वाटले ते सालांचे. धून १९३६ ची आणि त्यांची रेडिओतली नोकरी १९३७ पासूनची. त्या एका वर्षाच्या फटीत उत्तर बदलते. शिवाय रचनेचा हक्क निराळा आणि ध्वनिमुद्रणाचा निराळा. मी टेपवर घेतली ती कोणत्या सालची मुद्रिका? आणि प्रसारणावरून उतरवून घेतली म्हटल्यावर प्रसारकाचा २५ वर्षांचा आणखी एक हक्क त्यावर बसतो. पाच सेकंदांच्या तुकड्यात चार थर, आणि मी कोणालाच विचारलेले नव्हते. कोणी माझ्यावर दावा लावला नसता हे खरे. पण डेबियनच्या प्रत्येक पॅकेजसोबत ‘कॉपीराइट’ नावाची एक फाईल जाते, तिच्यात काय लिहिणार? सगळ्यांची आहे म्हणून ऐकले होते, असे?

मुक्त सॉफ्टवेअरविषयी आपल्याकडे हा गैरसमज सर्रास आहे, मलाही होता. मुक्त म्हणजे बेवारस, असा. खरे तर उलट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना काढला, तो स्वामित्वहक्काच्या कायद्यावरच उभा आहे. मालक आहे, म्हणून तो परवानगी देऊ शकतो. वापरा, वाटा, बदला, विका, असे तो एकदाच सर्वांना लिहून देतो. जिथे मालकच सापडत नाही तिथे मुक्त करणार कोण?

तो नाद सोडताना शेवटचे म्हणून ती धून पुन्हा एकदा कानाला लावली, आणि या वेळी व्हायोलिनच्या खालचे ऐकू आले. तिथे तंबोरा आहे. तो कोणी छेडला, हे मला एकाही लेखात आढळले नाही. तंबोऱ्याचे तसेच असते.

कोल्हापूरच्या माणसाला तंबोऱ्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मिरज तासाभरावर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची हत्यारे मागे पडली आणि फरीदसाहेबांपासून त्या घराण्यांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवून त्यावर तबली बसते, दांडी जोडली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मला आधी धास्ती वाटली की आता मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज वापरायलाही परवानगी लागते की काय. तसे नाही. मानांकन वाद्याच्या नावाला आहे, त्यातून निघणाऱ्या आवाजाला नाही. बनवणाऱ्याचा आवाजावर कायद्याने काहीच हक्क नसतो. हे मला सोयीचे होते, पण न्याय्य वाटले नाही, आणि वाटले नाही हे पुढे उपयोगी पडले.

तंबोरा मला माहीत होता तो मंगळवार पेठेत गाणे शिकवणाऱ्या एका बाईंकडचा. त्यांचे नाव या लेखात नको असे त्यांनी बजावले आहे, म्हणून नुसते बाई म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. तरुणपणी अनेक वर्षे त्यांनी आपल्या गुरूंच्या मागे बसून तंबोरा धरला. मैफिलीच्या जाहिरातीत गवयाचे नाव, तबलजीचे नाव, पेटीवाल्याचे नाव असायचे. यांचे कधी नसायचे. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, खुंटी पिळता पिळता सांगितले.

गणपती होऊन गेले होते आणि नवरात्र लागायचे होते, म्हणजे कोल्हापुरात रात्री शांतता मिळण्याचे जे थोडे दिवस असतात त्यातले. रात्री एक वाजता पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही बसलो. बाईंचा सा काळी चारचा. म्हणजे जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे २०८ कंपनांच्या, पंचम १५६ च्या आसपास, खर्ज १०४. आणि इथे एक अडचण होती. आमच्या संगणकांचे स्पीकर बोटभर. दोनशेच्या खालचे त्यांच्यातून जवळजवळ काही बाहेर येत नाही. हिशेबाने पंचम आणि खर्ज गायबच व्हायला हवेत.

होत नाहीत. कारण जवारी. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित गोलाई देऊन घासलेली असते. तार तिला टेकते-न टेकते अशी सरपटत राहते, आणि मध्ये सारलेला सुताचा धागा मागेपुढे करत गेले की एका जागी आवाज एकदम ‘उघडतो’. उघडतो म्हणजे मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर भरभरून बाहेर पडतात. स्पीकरला १०४ झेपत नाही, पण २०८, ३१२, ४१६ झेपतात. आणि आपला कान असा चमत्कारिक आहे की हे तिघे एकत्र आले की त्यांच्या तळाचा १०४ तो स्वतःच भरून काढतो. जो सूर खोलीत वाजलेलाच नाही तो आपल्याला ऐकू येतो. बोटभर स्पीकरसाठी मुद्दाम आवाज घडवायला बसलो असतो तरी याहून सोयीचा घडवता आला नसता. मिरजेच्या कारागिरांनी तो दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

बाईंनी अकरा मिनिटे छेडले. त्यातले पंचम, जोड, जोड, खर्ज असे एक आवर्तन आम्ही दोघांनी मिळून निवडले. साडेपाच सेकंद. पंचमाने प्रश्न पडल्यासारखा होतो आणि खर्जावर उतरले की संपते. ईनोच्या ८४ तुकड्यांची मला जरा गंमतच वाटली.

मग कागद. चार मोकळ्या तारा ठरल्या क्रमाने छेडणे ही कोणाची ‘रचना’ नव्हे, असे माझे मत, आणि त्या तरुणानेही ते मान्य केले. म्हणजे रचनेचा थर गेला. उरले दोन. बाईंचा वादक म्हणून असलेला हक्क, जो ५० वर्षे टिकतो. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. कायद्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने ते करवून घेतले तो. म्हणजे ज्याने तंबोऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता, गोधड्या तेवढ्या टांगल्या होत्या, तो मी. वाचकांना विनोदी वाटेल. मला वाटला नाही. बाईंच्या आयुष्यात हेच होत आले होते, आणि आता ते माझ्या हातून होत होते.

मी एका कोऱ्या कागदावर लिहून नेले, “या ध्वनिमुद्रणाच्या वापरास माझी परवानगी आहे,” आणि बाईंची सही घेतली. सुदैवाने पुढे पाठवण्याआधी कायद्याचे १९ वे आणि ३०अ ही कलमे वाचली. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या त्या एका वाक्याच्या बळावर हा आवाज जगभर पाठवला असता, तर पाच वर्षांनी भारतातही त्याला आधार राहिला नसता. आपल्याकडे लेखक, गायक, छायाचित्रकार अशा एकवाक्यी परवानग्या रोज देतात-घेतात, त्यांनी ही दोन कलमे जरूर पाहावीत. कलम कलावंताच्या भल्यासाठी आहे, त्याला कोणी कायमचे बांधून घेऊ नये म्हणून. पण ज्याला खरोखरच कायमचे देऊन टाकायचे आहे त्याला ते स्पष्ट शब्दांत लिहावे लागते.

म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा तयार परवाना घ्यायचे ठरले. मजकूर इंग्रजी, म्हणून मी मराठीत एक पानाचा खुलासा लिहून बाईंना वाचून दाखवला. जगभर, हक्क आहे तोवर, मोबदल्याशिवाय, आणि मागे घेता न येणारा. बाईंनी विचारले, “कुणी विकलं तर?”

हा प्रश्न त्या का विचारत होत्या ते मला माहीत होते. पूर्वी एका कंपनीने त्यांच्या शिष्यांच्या भजनांची कॅसेट काढली, ती दुकानांत खपली, आणि बाईंना पाच प्रती मिळाल्या. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये धंद्यासाठी वापर नको असा पर्याय आहे. बाईंना साहजिकच तो हवा होता. पण १९९७ च्या डेबियनच्या नियमांत पहिलीच अट अशी आहे की विकण्याला आडकाठी नको, आणि पुढे असेही आहे की अमुक क्षेत्रात वापरू नका असे म्हणायचे नाही. ऐकायला धंदेवाईक वाटते. त्यामागचा विचार असा, की लिनक्स घालून जुने संगणक विकणारा स्टेशन रोडवरचा दुकानदारही धंदाच करतो, आणि पेनड्राइव्हचे शंभर रुपये घेणारा विद्यार्थीही. एका पाच सेकंदांच्या फाईलवर ‘विकू नका’ लिहिले की हजारो माणसांच्या कामाचा तो सगळा गठ्ठा या दोघांच्याही हाती देता येत नाही. मग फाईलच काढून टाकतात.

मी दुसरा पर्याय सांगितला. नाव द्यायचे, आणि कोणी बदल करून प्रसिद्ध केले तर ते त्याच अटींवर सगळ्यांना मोकळे ठेवायचे. म्हणजे विकणारा विकेल, पण कोंडून ठेवू शकणार नाही. बाई म्हणाल्या, “म्हणजे चीज दिली, पण ज्याला दिली त्यानं पुढं द्यायलाच पाहिजे.” अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात हे वाक्य साधे नाही. इथे अनवट राग आणि चिजा जिवापाड जपल्या गेल्या. शिष्याला द्यायच्या की नाही हे गुरू ठरवणार, आणि पुढे कोणाला द्यायच्या नाहीत तेही. कागद नव्हता, पण परवाना होता, आणि कडक होता. बाई त्याच वातावरणात वाढल्या. त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले. मी मधल्या काळात गेलो नाही.

आठ दिवसांनी त्यांनी दोन अटी सांगितल्या. वादक म्हणून त्यांचे नाव. आणि त्याच्याही वर, तंबोरा ज्यांनी बनवला त्या मिरजेच्या कारागिराचे नाव. कायदा त्याला काही देत नाही हे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “कायद्याला कुठं विचारलंय? तुम्ही लिहा.” कारागीर हयात नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारले, त्यांच्या नातवाने शब्दलेखन तपासून दिले. माझेही नाव मालक म्हणून घालावे लागले, कारण हक्क माझाच होता आणि सोडायचाही मीच. ते तिसऱ्या ओळीत आहे.

आता संपले असे वाटले. फाईल संगणकांवर घातली आणि काकांना बोलावले. यंत्र सुरू झाले, पंचम वाजला, जोड वाजली, आणि दुसऱ्या जोडीवर ऑर्का बोलू लागला. खर्ज आणि ऑर्का एकमेकांत मिसळून काहीच धड कळेना. मी विचारले, “काका, कसं वाटलं?”

“पहिली तार वाजली तेव्हाच मला कळलं. पुढच्या तीन तुमच्या हौशीच्या.”

ज्यांच्यासाठी हे काम सुरू केले होते त्यांना मी मधल्या वर्षभरात एकदाही ऐकवले नव्हते, हे त्या क्षणी लक्षात आले. ईनोला सव्वातीन सेकंद का सांगितले होते, तेही.

फाईल कापायची ठरली. पहिल्या दोन तारा काढून शेवटची जोड आणि खर्ज एवढेच ठेवले. दोन सेकंद आणि वर थोडी आस. काकांनी पसंत केले. बाईंनी ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. “पंचम कुठाय?” काढला म्हटले. “मग हा तंबोरा नव्हे. ही घंटा झाली.”

२०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात वादकालाही एक नैतिक हक्क आला आहे. त्याच्या वादनाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध येत असेल तर तो अडवू शकतो. पण त्याच कलमाखाली खुलासा आहे, की नुसती काटछाट केली, किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी लहान केले, तर ते लौकिकाला बाधक समजायचे नाही. आमच्यासाठीच लिहिल्यासारखा. मी तो बाईंना दाखवला नाही. कायद्याने माझी बाजू बरोबर होती, आणि त्यांच्या कानाने त्यांची. पंचमाविना नुसता षड्ज मिळवलेला तंबोरा असू शकत नाही असे नाही. पण हा पंचमाचाच मिळवलेला होता, आणि त्याचा पंचम मी कापला होता.

मी त्यांना काकांची अडचण सांगितली. त्यांनी काकांना घरी बोलावले. मी नव्हतो, त्यामुळे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दोघांनी चहा घेतला आणि काकांनी तंबोऱ्याला हात लावून पाहिला एवढे कळले. दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला. दोन तारांची फाईल राहू द्या, पण तिला तंबोरा म्हणायचे नाही. जे आहे ते म्हणा. आणि चारही तारांचा अख्खा तुकडा त्याच संचात, त्याच्या स्वतःच्या नावाने हवा.

परवान्यातही मूळ कामात बदल केला असेल तर तसे सांगा अशी अट आहेच. फाईलला नाव दिले ‘जोड-खर्ज’. सोबतच्या मजकुरात लिहिले, मूळ चार तारांच्या आवर्तनातील शेवटच्या दोन, वेळेसाठी कापलेल्या. दुसरी फाईल ‘तंबोरा’. दोन्ही ऑग व्हॉर्बिस या खुल्या पद्धतीत, कारण एमपीथ्रीची पेटंटे २०१७ पर्यंत होती आणि लिनक्सवाल्यांची जुनी सवय अजून मोडलेली नाही. मूळ न दाबलेले ध्वनिमुद्रणही सोबत द्यावे लागले. सॉफ्टवेअरचा जसा स्रोत द्यायचा तसा आवाजाचाही, म्हणजे पुढच्याला नीट बदलता यावा. त्यात एका जागी बाईंचे “थांबा, खुंटी सरकली” हे वाक्य होते, ते मात्र त्यांनी काढायला लावले. संच पुण्याला पाठवला आहे.

चार तारांचा तुकडा कुठे वाजवायचा हा प्रश्न राहिला होता. संगणक बंद होताना वाजवून पाहिला, तर आवाज पुरा व्हायच्या आत यंत्र आवाजाची व्यवस्थाच बंद करते. खर्ज नेहमी तुटायचा. मग वाचनालय बंद होण्याआधी पंधरा मिनिटे, पावणेआठला, आठही संगणकांवर तो आपोआप वाजेल अशी व्यवस्था केली. त्यांची घड्याळे सेकंदाला जुळत नाहीत. एकाचा पंचम वाजतो तेव्हा दुसऱ्याची जोड चाललेली असते, तिसरा खर्जावर पोचलेला असतो. वाचणारी मुले पुस्तके मिटतात.

बाई एकदा मुद्दाम त्या वेळेला येऊन कोपऱ्यात बसल्या. आठही वाजून गप्प झाले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “तीन नंबरचा स्पीकर फाटलाय. बदलून घ्या.”